चौघं एकत्र

साहसी शर्यती म्हणजे पोट भरलेल्यांचा खेळ, असं मोर्चांत फिरणारी मी ठणकावून सांगत असे. तरी एका मैत्रिणीच्या आग्रहाखातर कात्रजच्या डोंगरावर स्पर्धकांना पाणी द्यायला उभी राहिले.

डोंगर, सायकल, नकाशा बघून वाट शोधणं, सगळं चौघांनी मिळून करायचं. एक जरी गळला, तरी अख्खा संघ बाद. एका संघातले तिघं येऊन थांबले. चौथी बाई मागून लंगडत आली. पन्नाशीची, खराडीतल्या एका ऑफिसात नोकरी करणारी. तिने आधी ओढणीसारखा गळ्यात टाकलेला रुमाल काढून चष्मा पुसला, मग पाणी मागितलं.

"काकू, गुडघा केवढा सुजलाय! थांबा ना आता," मी म्हणाले.

"मी थांबले की हे तिघं घरी."

तिच्या संघातल्या पोराने आपल्या कमरेचा दोर तिच्या कमरेला बांधला. शर्यतीत तशी मुभा असते.

"ओढ बाबा, पण गाडी जुनी आहे," ती म्हणाली.

"ताई, हॉर्न कमी वाजवा, पाय उचला!"

मी विचारलंच, "कशासाठी एवढं?"

तिने पुन्हा चष्मा पुसला. "ऑफिसात मी मागे राहिले, तर कुणाचं अडत नाही गं. इथे अडतं."

दोर ताणला गेला आणि चौघं चढणीला लागले. ते दिसेनासे होईपर्यंत मी पाहत राहिले. आमच्या मोर्चांत एकजुटीच्या घोषणा मीच देते. पण माझा पाय मुरगळला तर कोण थांबेल, हे मला आजही सांगता येत नाही.