ह्यांच्या जागेसाठी चार शहरं

तेव्हा कोण कोण होतं ते आधी सांगते. मी द्वारका. माझी नात मनाली, जर्मनीत इंजिनिअरिंग शिकते ती. तिच्या कॉलेजातली पूर्वा, साताऱ्याची, आणि अभिषेक, नागपूरचा. इकडं हर्णेच्या घरी माझे धाकटे दीर, त्यांना मी भावजी म्हणते. आणखी कोण नव्हतं. ज्यांच्यासाठी गेले ते आमचे हे, ते अठ्ठावीस वर्षांमागंच गेलेले.

मी चार यत्ता शिकले. मी बोलते ते मनाली लिहून घेते. तिला सांगितलंय, माझा राग मऊ करून लिहू नको.

आमचे हे आगबोटीवर खलाशी होते. युरोपातल्या एका बंदरात फाळक्यात (बोटीच्या पोटात माल भरतात तिथं) पडून गेले. तार आली. मग कंपनीनं कळवलं, तिथंच पुरलंय. आमच्यात जाळतात. अंग हाती नाय, म्हणून भटजीनं दर्भाचा पुतळा करायला लावला, तो जाळला, त्याच्यावर बारा दिवस केले. मी वाळूत मासळी सुकवून दोन पोरं वाढवली, पण ती राख कधी मनातून गेली नाय. गवताची राख ती, ह्यांचं त्यात काय होतं? ह्यांच्या जागेवरची मूठभर माती आणून हर्णेच्या पाण्यात सोडायची, एवढंच मला हवं होतं. मनाली तिकडं गेली तेव्हा मी म्हटलं, आज्याची जागा दाखवणार असशील तर येते, नायतर मला बर्फ बघायची हौस नाय.

तिनं बोलावलं, ईस्टरच्या सुट्टीत. शुक्रवार ते सोमवार कॉलेज बंद. चार दिवसांत चार शहरं, असं तिघांनी मोबाईलवर आखलेलं. ह्यांची जागा शनिवारी, दोन तास. मला तिथंच पहिला राग आला. अठ्ठावीस वर्षांनी दोन तास. पण पोरीच्या जिवावर आलेली, बोलले नाय.

शुक्रवारी सकाळी कोलोन. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर देऊळ त्यांचं, आभाळाला लागलेलं, आणि काळं, आमच्या चुलीमागच्या भिंतीसारखं. पोरं वर चढून गेली. मी खाली पायरीवर बॅगा धरून बसले. लुगडं, वर मनालीचं जाड जाकीट, पायात बूट. एक गोरा म्हातारा आला, माझ्याकडं बघून हसला आणि मांडीवर नाणं टाकून चालू पडला. मी उठले, त्याच्या मागं गेले, बाही धरून थांबवला आणि नाणं त्याच्या हातात कोंबलं. मराठीतच सांगितलं, मी बसलेय, मागत नाय. तो लाल झाला, दोनदा मान वाकवून गेला. पोरं खाली आली तोवर मी परत पायरीवर.

संध्याकाळी ब्रसेल्स. एका घरात दोन खोल्या घेतलेल्या, स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून. दिवसभर पाव खाऊन तोंड बेचव झालेलं. माझ्याकडं घरचे सुके बोंबील होते. मी शेगडीवर चार भाजायला घेतले. छपराला एक पांढरी डबी होती, ती अशी बोंबलायला लागली की सगळं घर रस्त्यावर. घरवाला आला, नाक धरून हातवारे करायला लागला. पूर्वा म्हणाली, "आजी, अख्ख्या युरोपला कळलं, हर्णेची माणसं आली." सगळे हसले. मी पण हसले असते, पण त्या माणसानं माझे बोंबील चिमट्यात धरून, मेलेला उंदीर टाकावा तसे कचऱ्यात टाकले. उन्हात पालथे करून, कावळे हाकलून सुकवलेले ते. तो राग अजून हाय.

शनिवारी सकाळी आठची गाडी धरायची होती. दफनभूमीची कचेरी बारापर्यंत उघडी, हे मनालीला ठाऊक होतं. पण पोरांना आधी ते मुतणारं पोर बघायचं होतं. चिमुकला पुतळा, नागडा, मुततोय, आणि त्याच्यापुढं जगातली माणसं रांगेनं उभी. मग जाळीचे गोड घावन घेतले, वर साखर, आणि खायच्या आधी त्यांचे फोटो. मी दोनदा म्हटलं, गाडी. अभिषेक म्हणाला, आजी, इथं दर अर्ध्या तासाला गाडी असते. त्या दिवशी नव्हती. रुळाचं काम चाललेलं.

त्या बंदराच्या शहराचं नाव मी तोंडात घेत नाय. स्टेशनातून धावत ट्राम, ट्राममधनं उतरून धावत दफनभूमी. साडेबारा. कचेरीला कुलूप, दारावर पाटी. मनालीनं वाचून दाखवली. मंगळवारी उघडणार.

आत जायला मनाई नव्हती. मी रांगा फिरले. आमची नावं इंग्रजीत कशी दिसतात ते मनालीनं कागदावर काढून दिलेलं, ते अक्षर अक्षर जुळवत चालले. दुसऱ्या बोटींची माणसं सापडली, कुठली कुठली. आमचं नाव नव्हतं. कुंपणाच्या एका बाजूला नुसती हिरवळ होती, एक दगड नाय. मी तिथनं पण गेले. मला काय ठाऊक. अभिषेक घड्याळ बघायला लागला तेव्हा मी त्याला म्हटलं, "फोटो काढताना घड्याळ कुठं होतं रे तुझं?"

रविवारी अ‍ॅमस्टरडॅम. गावभर खाड्या, पण चौकोनी बांधलेल्या, भरती-ओहोटीचा वास नाय. पोरं होडीत बसली. मी मासळीच्या गाडीपाशी थांबले. तिथला म्हातारा कच्चा मासा साफ करून, वर कांदा टाकून लोकांना द्यायचा. मी कल्ला उघडून बघितला. ताजा होता. तो माझ्या बोटांकडं बघत राहिला. मनाली परत आली तेव्हा त्यानं तिला हसत विचारलं, ह्या बाई एवढ्या रागावलेल्या का? तिनं सांगितलं, नवऱ्याला भेटायला आल्यात आणि दार बंद हाय. तो हसायचा थांबला. एक मासा सोलला आणि माझ्या हातात ठेवला. त्या चार दिवसांत माझ्याशी सरळ वागलेला परका माणूस तो एक.

सोमवारी परतायचं होतं. फलाटावर मी सांगितलं, मी जर्मनीच्या गाडीत चढणार नाय, मला त्या बंदरात सोडा. अभिषेक म्हणाला, मंगळवारी प्रॅक्टिकल हाय सगळ्यांचं. पूर्वानं माझा हात धरला, आजी, पुढच्या महिन्यात परत येऊ. मला पुढचा महिना नव्हता, व्हिसा संपत होता. मनाली म्हणाली, "आजी, हे प्रॅक्टिकल बुडालं तर माझे सहा महिने जातील."

"जाऊ देत," मी म्हटलं.

मनालीनं पूर्वाच्या हातात स्वतःची प्रॅक्टिकलची वही दिली आणि माझी बॅग उचलली. तिचे सहा महिने गेले. ते माझ्यावर हाय, आणि ते मी नाकारत नाय.

मंगळवारी कचेरी उघडायच्या आधीच आमी दारात. आतली बाई चांगली होती. खुर्ची दिली, पाणी दिलं. चांगल्या माणसावर राग धरता येत नाय, त्याचाच राग येत होता. तिनं मशीनमधून नाव काढलं. मनाली ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. मी म्हटलं, काय म्हणते ते नीट सांग, गाळू नको.

तिकडं जागेला मुदत असते. मुदत संपत आली की घरच्यांना कळवतात. घरच्यांनी सही करून पाठवली तर ठेवतात, नायतर जागा मोकळी करतात. ह्यांची मोकळी केली. हाडं काढून बाकीच्यांच्या हाडांबरोबर एकत्र ठेवली, कुंपणाच्या बाजूला, हिरवळीखाली. मी शनिवारी त्यांच्यावरून चालून गेले होते.

"न विचारता?" मी म्हटलं.

बाईनं फाईल फिरवून दाखवली. दोन पत्रं गेलेली. पत्ता आमचा, घराचं नाव, हर्णे, जिल्हा रत्नागिरी. आणि नमुन्याचं पाकीट होतं, लांबडं, पुढं कागदाची खिडकी.

ते पाकीट मी ओळखलं.

आमच्याकडं रीत अशी, पुतळा जाळला की माणूस सुटला. मग त्याच्या नावाचा कागद आला तर फोडायचा नाय. फोडला तर हाक मारल्यासारखं होतं, तो उंबऱ्याशी येऊन अडकतो. तेव्हा सासूबाई होत्या, त्या बोलल्या, भावजी बोलले, आणि मी ऐकलं. पहिलं पाकीट मी माझ्या हातानं आढ्याला (छपराच्या मधल्या लाकडाला) खोचलं. दुसरं पण.

बाईनं हिरवळीपर्यंत नेलं. मनालीनं पिशवी काढली, खाली वाकली, म्हणाली, आजी, थोडी माती घेऊया. मी म्हटलं, "ठेव ती. ह्यात तुझा आजा किती आणि दुसऱ्या कुणाचा बाप किती, सांगता येईल तुला?" ती रडली. मी नाय रडले. मी दुसऱ्यांची माणसं उचलून आणायला गेले नव्हते. हात जोडले आणि मोकळ्या हातानं आले.

घरी पोचले त्या दिवशी पाणी पण घेतलं नाय. म्हटलं, भावजी, शिडी लावा. त्यांना वाटलं कौल गळतंय. त्यांनी आढ्यावरची कोळ्याची जाळी झाडली आणि दोन्ही पाकिटं निघाली, धुरानं तांबडी झालेली. फोडू नका म्हणाले. मी विळीच्या पात्यावर फोडली आणि मनालीला फोनवर दाखवली. दोन्हीत एकच मजकूर होता. खाली एक रेघ, नातेवाईकानं सही करायची.

"वहिनी, आपल्याला काय ठाऊक त्यात काय लिहिलंय," भावजी म्हणाले.

"ठाऊक नव्हतं म्हणूनच फोडायचं होतं," मी म्हटलं. त्यानंतर आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाय. पण भावजींनी माझा हात धरला नव्हता. खोचणारी मी.

मला सही येते. द्वारका एवढं मी स्वच्छ लिहिते, चौथीपासून.

हे वाचणाऱ्याला एकच सांगणं. तुमच्या घरात, आढ्याला म्हणा, ट्रंकेत म्हणा, देवाच्या फोटोमागं म्हणा, गेलेल्या माणसाच्या नावाचं बंद पाकीट असलं तर आज फोडा. वाचता येत नसलं तर येतं त्याच्याकडून वाचून घ्या, आणि उत्तर पाठवा.