डाव्या बाजूची अक्षरं

पुनाराम पेंटरचं अक्षर बालाघाटच्या बसस्टँडवर कोणीही लांबून ओळखावं. जाड, दाटीवाटीचं, ना शेपूट ना फुलोरा, आणि पुढे झुकलेलं. उभी गाडीसुद्धा निघाल्यासारखी दिसायची. तीस वर्षं त्यानं खैरलांजी-बिरसाकडे जाणाऱ्या गाड्या रंगवल्या. मग हात थरथरायला लागला, आणि थरथरत्या हाताला ब्रश काय जुमानतो!

पोरगी हुशार. संध्यानं बापाचं अक्षर कॉम्प्युटरात बसवून त्याचा फॉन्ट केला, स्टिकर कापायचं मशीन घेतलं. बापानं खूश व्हावं की नाही? छे, म्हातारा फुगून बसला. तिनं जुने नमुने मागितले तेव्हा त्यानं गाडीच्या उजव्या बाजूचे कागद तेवढे दिले. डाव्या बाजूचे ट्रंकेत दडवले.

आज गजेंद्रशेठच्या नव्या बसची चार वाजता पूजा, लगेच पहिली फेरी. संध्यानं बसवर लावलेलं नाव पसंत पडलं तर बाकीच्या सहा गाड्यांचं काम तिचं, नाहीतर पुन्हा तोंड दाखवू नको, असं शेठनं साफ सांगितलं होतं.

साडेतीनला पुनाराम बससमोरच्या टपरीवर चहा घेऊन बसला होता. संध्यानं डाव्या बाजूला स्टिकर लावला, मागे सरली आणि थबकली. गाडीचं तोंड डावीकडे, अक्षरांचा झोक उजवीकडे. बस पुढे जाणार आणि नाव तिला मागे ओढणार, हे पुनारामला टपरीवरूनच दिसलं. काहीतरी बिघडलंय एवढं संध्याला कळत होतं, काय ते कळेना. ती पुन्हापुन्हा पट्टी लावून मोजत होती.

होऊ दे फजिती, पुनारामच्या मनात आलं, उद्या माझ्याच दारात येतील सगळे. तेवढ्यात चहा बोटांवर सांडला. कोण येणार होतं या हाताकडे? लाज वाटली त्याला. तो उठला.

"संध्या, काढ ते. झोक उलटा कर. डाव्या बाजूले तसाच लागते."

ती बघत राहिली. "तुमाले मालूम होतं, बाबा?"

"हौ."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"एवढं तरी मायापाशी राहावं, असं वाटलं."

तिचे डोळे भरले, रागानंच. लावलेला स्टिकर ओरबाडून काढून ती नवा कापायला दुकानाकडे पळाली.

पावणेचारला गजेंद्रशेठ नारळ घेऊन आला. "पेंटर, इकडचं नाव कुठं हाय?"

"येऊन राह्यलं," पुनाराम म्हणाला. शेठ घड्याळ बघत तिथंच उभा राहिला. चारला पाच कमी असताना संध्या धापा टाकत आली. नव्या स्टिकरचं एक टोक तिनं बापाच्या हातात दिलं.

"हालते माया हात."

"हालू द्या. धरा."

नाव लागलं. शेठनं लांब जाऊन पाहिलं, मान डोलावली आणि नारळ फोडला.

घरी आल्यावर पुनारामनं ट्रंक उघडून सगळे कागद पोरीपुढे ठेवले. ती खाली मान घालून एकेक चाळत राहिली.

"अजून काही लपवलं हाय काय, बाबा?"

"नाही वं," तो म्हणाला. "आता या ट्रंकेसारखा खाली झालो मी."