‘या’ म्हटल्याशिवाय न येणारे साहेब

परदेशी पाहुण्यांची तपासणी करणारे एक पोलीस साहेब भाट्याच्या किनाऱ्यावरच्या माझ्या होमस्टेवर अधूनमधून येतात. कायद्याने त्यांना सरळ खोलीत शिरता येतं, पासपोर्ट मागता येतो, चौकशी करता येते. पण घरातून कुणी ‘या’ म्हटल्याशिवाय ते उंबरठा ओलांडत नाहीत. बूट काढून, घसा खाकरत पायरीवर उभे राहतात.

परवा आत एक फ्रेंच पाहुणा होता आणि त्याची खबर पोलिसांना द्यायची मी विसरलो होतो. म्हणजे गुन्हा माझ्यावर! मी ‘या’ गिळून दारात उभा राहिलो.

"ऊन काय तापलंय हो!" साहेब म्हणाले.

"तापलंय खरं," मी म्हणालो.

तेवढ्यात, मीच हौसेने मराठी शिकवलेला फ्रेंच आतून ओरडला, "या, या! गूळपाणी घ्या!"

साहेब आत गेले. गूळपाणी प्याले, पासपोर्ट पाहिला.

"पाहुण्याचं सगळं चोख आहे," ते मला म्हणाले. "आता तुम्ही बसा."