लक्ष्मणरावांचं नाक

गौलीगुड्यातल्या लक्ष्मणराव मेकॅनिकच्या शेडमध्ये ऑइलच्या एकाही डब्यावर नाव लिहिलेलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "देवानं नाक काय चष्मा ठेवायला दिलंय?"

अभिजीतच्या वडिलांची लाल रेसिंग गाडी तीस वर्षं लक्ष्मणरावांच्याच हाताखाली होती. वडील गेल्यावर अभिजीतनंही ती तिथंच ठेवली. तिच्या इंजिनात एरंडेलापासून बनवलेलं ऑइल लागे. कितीही तापलं तरी ते बेअरिंगला धरून राहतं. पण त्यात साधं ऑइल मिसळलं, की काही दिवसांत चिकट साका धरतो आणि तेलाच्या वाटा बुजतात. म्हणून लक्ष्मणराव बोटावर थेंब घेत, हुंगत आणि मगच डबा उचलत.

कोरोनात त्यांचा वास गेला, तो परतलाच नाही. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. पण एकदा गॅसवर दूध करपलं आणि त्यांच्या पत्नी सुशीलाबाई गच्चीवरून धावत आल्या.

"अहो, वरपर्यंत वास आला, अन् तुम्ही इथंच पेपर वाचत बसलात?"

"सर्दी आहे."

"दोन वर्षांची सर्दी? अभिजीतला सांगा आधी."

"नक्को. सांगितलं की तो गाडी दुसऱ्याकडं नेईल."

जानेवारीत जुन्या गाड्यांची रॅली होती. आठ दिवस आधी लक्ष्मणरावांनी ऑइल कमी दिसलं म्हणून वर भरलं. थेंब हुंगला, सवयीनं. मग डबा उचलला.

रॅलीत चौथ्या किलोमीटरला इंजिन सीझ झालं, जागीच जाम. शेडमध्ये ऑइल चेंबर खोललं, तर जाळीवर पिवळट, साबणासारखा गोळा. क्रँकशाफ्ट, इंजिनाचा मुख्य दांडा, जळून निळा पडलेला. तसा आता कुठंच मिळत नाही.

"ऑइलच भेसळीचं असणार, काका," अभिजीत म्हणाला. "दुकानदाराला सोडत नाही मी."

लक्ष्मणरावांनी हात पुसले.

"त्याला काही बोलू नकोस. मला वास येत नाही, बाळा. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं?" अभिजीतनं एवढंच विचारलं.

पुढच्या आठवड्यात गाडी दुसऱ्या मेकॅनिककडं न्यायला ट्रक आला. दोर लक्ष्मणरावांनीच बांधले.

"प्लग काढून आत थोडं तेल सोडायला सांग," ते म्हणाले. "नाहीतर सिलिंडरला गंज चढेल."

अभिजीतनं फळीवरचा एक बिननावाचा डबा उतरवून त्यांच्यापुढं धरला. "तुम्हीच सोडा, काका."

लक्ष्मणरावांनी हात पुढं केला आणि मागं घेतला.