नेम चुकलेल्यांची भिंत

अर्लीन हॉफनॅगलला प्रश्न विचारल्याशिवाय घास उतरत नसे. दवाखान्यात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला ती खुशाल विचारायची, "तुम्हांला काय होतंय?" आणि त्याने सांगितलं की लगेच, "मग आदल्या दिवशी खाल्लं काय होतंत?" शाळेची बस चालवायची तेव्हा कुठल्या पोराच्या घरी कुत्री व्यायली आणि कुणाचा बाप काम सुटून घरी बसलाय, हे तिला पाद्र्याच्या आधी ठाऊक असायचं. आमच्या गावात तिला भोचक म्हणत, आणि पेन्सिल्व्हेनियाच्या त्या कोपऱ्यात म्हणायचं ते तोंडावरच म्हणतात. तिचं उत्तर तयार असे: "विचारून जीभ झिजत नाही. न विचारता चाकं मात्र झिजतात."

हा टोला नवऱ्याला होता. लॉइड वाट चुकला तर टाकी रिकामी होईपर्यंत गरगर फिरेल, पण काच खाली करून रस्ता विचारणार नाही. कशाबद्दलच कधी काही विचारायचा नाही तो माणूस. जेवायला काय आहे, हेसुद्धा नाही. व्हरमाँटहून त्याच्या थोरल्या भावाचा, एव्हरेटचा, फोन यायचा, बोलायची ती अर्लीनच, आणि तिने फोन ठेवला की पेपरातून मान वर न करता तेवढं मात्र विचारायचा, "बरा आहे ना तो?" ती म्हणायची, "तुझ्यापेक्षा ठणठणीत आहे." की झालं संभाषण.

एव्हरेटने लग्नानंतर सासरच्या डोंगरावर शिकारीचा कॅम्प बांधला होता, आणि दर नोव्हेंबरात लॉइड रायफल घेऊन तिकडे जायचा. आता आमच्याकडे नोव्हेंबरात जो हरणामागे जात नाही त्याची तब्येत विचारायला लोक घरी येतात. तेव्हा जाण्यात नवल नव्हतं. नवल परत येण्यात होतं. हरीण नाहीच, वर नव्या कोऱ्या फ्लॅनेलच्या शर्टाचा मागचा तुकडा गायब! नेम चुकला की शर्ट मागून कापायचा आणि तो तुकडा भिंतीवर ठोकायचा, हा कॅम्पचा रिवाज. पण दरवर्षी? घरी कुंपणापलीकडच्या खांबावरचा डबा पहिल्या गोळीत पाडणारा हा बाबा. अर्लीन हॉटेलात सगळ्यांदेखत सांगायची, "आमच्या यांना हरीण दिसलं की डोळेच येतात." माणसं टेबलं बडवून हसायची. लॉइडही स्क्रॅपलवर, डुकराच्या खिम्याच्या तळलेल्या वडीवर, पाक ओतत हसायचा. कापलेल्या शर्टाची फडकी करताना ती पुटपुटायची, "मेले कापतातसुद्धा धड नाहीत, सगळं वाकडं."

यंदा वसंतात लॉइड गेला. अंगणात घंगाळ धुताना बसला तो बसलाच. ऑक्टोबरात एव्हरेटचा फोन आला. गेलेल्याची रायफल त्या एका मोसमापुरती कॅम्पात त्याच्या खुंटीवर टांगायची, असं ते लोक करतात. एव्हरेटचा खुबा बदललेला, त्याला गाडी चालवणं शक्य नव्हतं. आणशील का, एवढंच त्याने विचारलं. अर्लीन हो म्हणाली.

म्हणाली खरी, पण मध्ये न्यूयॉर्क राज्य आडवं पडलेलं. हॉटेलात तिने विषय काढायचा अवकाश, उंटावरचे शहाणे जागे झाले. आपल्याकडचा कायदा तिकडे चालत नाही, राज्याची हद्द ओलांडली की तू गुन्हेगार, असं एकाचं म्हणणं. दुसरा म्हणाला, तिथे लघवीलाही थांबू नकोस. तिसऱ्याच्या मेव्हण्याच्या मित्राला म्हणे बेड्याच पडल्या होत्या. अर्लीनने सगळं ऐकून घेतलं आणि दोन्हीकडच्या पोलिसांना फोन लावले. खरं होतं ते साधं होतं. जिथे बंदूक बाळगायची मुभा आहे तिथून निघायचं, जिथे मुभा आहे तिथे पोचायचं. मधल्या राज्यातून जाताना ती रिकामी, कुलपात, डिकीत. आणि वाटेत मुक्काम ठोकायचा नाही.

बांधायची कशी, हे विचारायला ती रायफल घेऊन डेल्मरकडे गेली. डेल्मर घरामागच्या शेडमध्ये बंदुका दुरुस्त करतो. बोल्ट, म्हणजे काडतुसामागे सरकणारा तो दांडा, काढून वेगळा ठेव म्हणाला, आणि स्वतःच तो काढून त्याच्या पुढच्या टोकावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग चष्मा कपाळावर चढवून उजेडात धरला.

"लॉइड हिने काय मारायचा गं?"

"काही नाही. नेम चुकायचा त्याचा."

"नेम चुकायलाही गोळी सुटावी लागते, अर्लीन. हिची पिन कुणीतरी मुद्दाम घासून टाकलीय. ती काडतुसावर आपटणारच नाही. आजची गोष्ट नाही ही, घासल्या जागी किती वर्षांचं तेल बसलंय बघ."

अर्लीनला काय विचारावं तेच सुचेना. असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. गोळी सुटत नव्हती, मग नेम चुकायचा कसा? नेम चुकत नव्हता, तर शर्ट कोण कापत होतं? आणि त्याहून वाईट म्हणजे, नवरा दर नोव्हेंबरात नक्की कुठे जात होता? न उडणारी बंदूक घेऊन शिकारीला जाणारा पुरुष शिकारीला जात नसतो, इतकं कुणालाही कळतं. एखादी बाई? लॉइडला? हसू आलं तिला, पण टिकलं नाही. एव्हरेटला फोन करता आला असता. पण फोनवर माणसाचं तोंड दिसत नाही, आणि खोटं सर्वांत आधी तोंडावर दिसतं.

रायफल तिने लोखंडी पेटीत ठेवली, बोल्ट वेगळा गुंडाळला, कुलूप लावलं. आता किल्ली ठेवायची कुठे? हाताशी असली तर कुलपाला अर्थ काय? पर्समध्ये ठेवली तर हाताशी आली, मोज्यात ठेवली तरी हाताशीच. एकदाची कटकट नको म्हणून या बयेने किल्ली पाकिटात घालून टपालाने एव्हरेटला पाठवून दिली. हॉटेलात अजून या गोष्टीवर हसतात.

पहाटे निघाली ती न्यूजर्सी टाळून सरळ उत्तरेला न्यूयॉर्कात शिरली. हद्दीची पाटी आली तशी नकळत पाठ ताठ झाली. आयुष्यभर गाडी चालवलेली बाई, पण ब्यूइकच्या डिकीत जणू कुणी झोपलंय आणि त्याला धक्का लागू द्यायचा नाही, अशी जपून चालवत होती. ऑल्बनी मागे पडलं नि आरशात दिवे फिरले.

पोलिस तरुण होता, कान थंडीने लाल झालेले. मागचा दिवा गेलाय म्हणाला. मग नेहमीचा प्रश्न, गाडीत हत्यार वगैरे आहे का? अर्लीनने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून सरळ सांगितलं: डिकीत रायफल, रिकामी, कुलपात, व्हरमाँटला चाललेय, गोळी एकही नाही. किल्ली कुठे, असं त्याने विचारलं.

"पोस्टात."

"कुठे?"

"मंगळवारी टाकलीय. आतापर्यंत दिराला मिळाली असेल."

त्याने तोंड फिरवून खोकल्यासारखं काहीतरी केलं. अर्लीनने संधी सोडली नाही. तिने विचारलं, "बाळा, एक सांग. बंदूक उडतच नसेल, तरी ती बंदूकच का?"

"कायद्याला ती बंदूकच, मॅडम. का हो, उडत नाही?"

झालं. गेले कित्येक दिवस दाबून ठेवलेलं सगळं तिने रस्त्याच्या कडेला त्या परक्या पोराला सांगून टाकलं. पिन, शर्ट, दर नोव्हेंबर, सगळंच. तोही डोंगरातलाच असावा. खिडकीत वाकून त्याने नीट ऐकलं, आणि म्हणाला, "पण मॅडम, आमच्या कॅम्पात तर आवाजावरून सांगतात कुणाची रायफल उडाली ते. काकाची वेगळी, वडिलांची वेगळी. तुमच्या मिस्टरांची इतकी वर्षं कुणाला ऐकूच आली नाही? आणि कुणी विचारलंही नाही?"

दिवा बदलून घ्या म्हणून तो गेला, पण त्याचा प्रश्न गाडीतच राहिला. म्हणजे कॅम्पातल्यांना माहीत होतं. एव्हरेटला माहीत होतं. आणि सगळे मूग गिळून बसले होते. व्हरमाँटची पाटी कधी आली ते अर्लीनला कळलंही नाही, इतकी ती चिडली होती.

दुपार कलताना ती कॅम्पवर पोचली. एव्हरेट काठी टेकत ओट्यावर उभा होता, किल्ली मुठीत धरून. बाकीचे रानात होते. तिने ना नमस्कार केला ना कोट काढला, तरातरा आत गेली. चुलीमागची भिंत तुकड्यांनी भरली होती. इतरांचे एखाद-दोन, खालची अख्खी रांग लॉइडची. चौकटीचे, हिरवे, तिने निवडलेले निळे. प्रत्येकावर वर्ष. ती एकेक ओळखत गेली. तो इथेच येत होता. ती बाकावर बसली.

"ती उडत नाही, एव्हरेट."

"ठाऊक आहे."

"मग हे काय आहे?"

एव्हरेट काठी टेकत फळीपाशी गेला. फळीवरच्या डब्यातून त्याने लाल चौकटीची एक जुनी लोकरी टोपी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. टोपीला एका बाजूने भोक होतं, आणि दुसऱ्या बाजूने त्याहून मोठं.

मग त्याने सांगितलं, थांबत थांबत. खालच्या रांगेतल्या पहिल्या तुकड्याच्या वर्षी झाडीत हालचाल दिसली म्हणून लॉइडने गोळी झाडली, आणि एव्हरेटच्या डोक्यावरून टोपी उडाली. एव्हरेट पालापाचोळ्यात तसाच पडून राहिला. आपण उठून समोर गेलो तर हा पोरगा जन्मभर तोंड दाखवणार नाही, असं वाटलं, म्हणून लपत लपत दुसऱ्या वाटेने उतरला. टोपी काट्यात फाटली असं सगळ्यांना सांगितलं. लॉइड संध्याकाळी आला तो चुन्यासारखा पांढरा. म्हणाला, नेम चुकला, आणि पाठ फिरवून शर्ट पुढे केला. पुढच्या वर्षीपासून त्याच्या बाजूने कधी आवाज आला नाही. पण संध्याकाळी येऊन तो तेच म्हणायचा आणि पाठ करायचा.

"आणि तू कापायचास."

"मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही तो. वाटायचं, यंदा सांगेल. आपण कसं विचारायचं?"

"तोंडाने! तोंडाने विचारायचं, एव्हरेट!" ती ओरडली, आणि मग रडली, कारण जे लोक हसले त्यांत सर्वांत मोठ्याने ती हसली होती. साऱ्या गावाला विचारत फिरली, आणि घरातल्याला एकदा धड विचारलं नाही, बाबा रे, तुझा नेम का चुकतो?

एव्हरेटने टोपी तिच्या मांडीवरून उचलली. म्हणाला, "त्याला माहीत होतं का गं, की गोळी त्याची होती हे मला माहीत आहे?"

 अर्लीनला खोटं येत नव्हतं.

"ते मला नाही सांगता येणार. पण तुझा फोन ठेवला ना, की विचारायचा, बरा आहे ना तो? प्रत्येक वेळी. बाकी जन्मात त्याने मला काही विचारलेलं आठवत नाही."

एव्हरेटने मुठीतली किल्ली तिच्या हातात दिली. रायफल पेटीतून काढून त्यांनी दोघांनी मिळून खुंटीवर चढवली. मग अर्लीन उठली, कोट काढला, फ्लॅनेलचा शर्ट विजारीतून ओढून बाहेर काढला आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"काप," ती म्हणाली. "माझाही चुकलाच."

कात्री खिळ्यालाच टांगलेली होती. बराच वेळ लागला त्याला. तुकडा हातात आल्यावर तिने तो उलटसुलट करून पाहिला.

"वाकडा कापलास."

"त्याचेही वाकडेच व्हायचे," एव्हरेट म्हणाला. "हात थरथरायचा माझा."