लगतच्या वस्तीतील व्यक्ती

माझ्या हातून झालेल्या चुका मी सहसा चहाबरोबर लोकांना वाटत असतो. पहिल्यांदा कर्दळ लावली ती कुंपण घालायच्या आधी, आणि गावातल्या शेळ्यांनी माझं सांडपाणी शुद्धीकरण एका दुपारी खाऊन टाकलं. हा किस्सा मी शेलूबाजारच्या हॉटेलात इतक्यांदा सांगितलाय की आता हॉटेलवालाच त्याचा शेवट सांगतो. पुढची चूक मात्र तिथे कधी सांगितली नाही. तीन शब्द लिहिले होते मी, तेवढंच.

काम साधं होतं. गावातल्या नाल्यांचं सांडपाणी आधी लोखंडी जाळीतून जायचं, मग टाकीत गाळ खाली बसायचा आणि वरचं पाणी गिट्टीच्या लांबट वाफ्यातून हळूहळू झिरपायचं. वाफ्यात कर्दळ आणि पाणकणीस. मुळं आणि जिवाणू घाण खातात. मोटार नको, वीज नको. फक्त जाळीत अडकलेला कचरा आठवड्यातून दोनदा दाताळ्यानं ओढून काढायचा. नाही काढला तर गिट्टी तुंबते आणि पाणी वाफ्यावरून वाहायला लागतं.

जागा मीच निवडली. उतार मोजत गेलो, तर तो संपला तिथे पंचायतीची पडीक जमीन निघाली. शेजारी बौद्ध वस्ती, आणि वाफ्यापासून पंचवीस पावलांवर वस्तीची पिण्याची विहीर. गावानं ही माणसं उताराच्या टोकालाच का बसवली, हे उतार मोजायच्या यंत्रात दिसत नाही. मग देखभालीची पुस्तिका काढली, रंगीत, माझ्या फोटोसकट. तिच्यात 'जाळीची सफाई' आणि पुढे 'जबाबदारी' असा रकाना. मी लिहिलं, 'लगतच्या वस्तीतील व्यक्ती'. जवळचा माणूस लवकर पोचेल, एवढाच विचार. शपथेवर सांगतो. आणि आज मला सगळ्यात जास्त चीड त्या शपथेचीच येते.

सात-आठ महिन्यांनी वस्तीतल्या एका निवृत्त एसटी कंडक्टरांचा फोन आला. "साहेब, तुमचं गाव आमच्या इहिरीत उतरलं. या, पाहून घ्या."

गेलो. जाळी गुटख्याच्या पुड्यांनी आणि चिंध्यांनी गच्च. वाफ्यावर काळं पाणी साचलेलं, आणि तिथून एक ओघळ सरळ विहिरीकडे. काठावर बायका रिकामे हंडे-गुंड घेऊन उभ्या होत्या.

तडक सरपंचांच्या घरी गेलो. आवाज चढवून विचारलं, जाळी का साफ होत नाही. ते शांतपणे आत गेले, माझीच पुस्तिका घेऊन आले आणि रकान्यावर बोट ठेवलं.

"तुमीच लिवलं न साहेब. त्याइनं करायचं हाय. थे करत नाईत, त्याले मी काय करू?"

माझ्या फोटोखाली माझी सही होती.

संध्याकाळी सभा भरली. कंडक्टरांनी पुस्तिका मागून घेतली, चष्मा लावून तो रकाना वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"छप्पन साली माह्या बापानं गावची मेलेली ढोरं ओढनं सोडलं. तवा गावानं दोन वर्सं कामाले बोलावलं नाई. थे काम तुमी रंगीत फोटो छापून वापस आनलं."

"मी खोडतो तो रकाना," मी म्हणालो.

"खोडा न. मंग जाळी कोन साफ करन?"

मी सुचवलं, गल्लीवार पाळी लावा, सुरुवात वरच्या गल्लीपासून. सगळे छताकडे पाहू लागले. सरपंच म्हणाले, "आमच्या घरचे घाणीत हात घालतीन का?"

"घाण कोनाची हाय?" कंडक्टर म्हणाले. "तिकीट तुमी काढता, अन उतरनं आमी?"

मी उठलो, चौकाच्या खालच्या अंगाला गेलो आणि गावाचं पाणी वाफ्याकडे सोडणारी झडप रागानं पूर्ण बंद केली. म्हटलं, जाळी साफ होईस्तोवर तुमचं पाणी तुमच्याच दारात राहू दे. राग खरा होता, अक्कल नेहमीची. झडपेच्या वर चौकातली नाली सगळ्यात सखल, हे मीच नकाशात दाखवलेलं, आणि मोटारसायकल तिथेच उभी केलेली. सकाळी सायलेन्सरपर्यंत गाव भरलं होतं. तिसऱ्या दिवशी पाणी सरपंचांच्या ओट्याला लागलं, तेव्हा त्यांचे दोन्ही मुलगे दाताळं घेऊन जाळीवर आले. तोंडाला रुमाल बांधून, मला शिव्या देत.

आता पाळी लागते. एखादी गल्ली चुकते, मग मी फोनवर भांडतो. वाफा नीट चालतो, पाणकणीस डोक्याइतकं झालंय. लोक पाहायला येतात, फोटो काढतात, मला शाल देतात.

परवा वस्तीत गेलो. विहीर दोनदा उपसून झाली होती, औषध टाकून झालं होतं. कंडक्टरांनी पोहरा ओढला, स्टीलचा गिलास भरला आणि माझ्यापुढे धरला.

"पेता का साहेब?"

पाणी दिसायला स्वच्छ होतं. मी गिलास हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि तसाच उभा राहिलो. त्यांनी तो माझ्या हातून काढून घेतला आणि काठाजवळच्या मिरचीच्या झाडाला ओतला.

"आमीबी नाई पेत," ते म्हणाले. "ट्यांकर येते दहा वाजता."