पायरीवरची रिकामी जागा

तपासणी जवळ आली की आमच्या आरोग्य केंद्राचं लग्नघर होतं. भिंतींना रंग, डब्यांना नव्या चिठ्ठ्या, आणि आम्हा नर्सबायांची नुसती धावपळ. ठरवून दिलेलं सगळं जागच्या जागी आहे ना, हे बघायला पथक येतं. मी त्याची टिंगल करते, पण ते यायलाच हवं. मुदत संपलेलं औषध त्याच धास्तीनं कपाटातून बाहेर पडतं.

अशाच एका तपासणीआधी बाहेरच्या खोलीत स्टीलच्या चकचकीत खुर्च्या आल्या. पथक खूश झालं, बसायच्या सोयीला पैकीच्या पैकी गुण मिळाले. पुढच्या आठवड्यात गरोदर बायकांची तपासणी होती, तेव्हा खुर्च्या रिकाम्याच. डोंगराकडच्या गावांतून आलेल्या बायका चपला काढून बाहेर पायरीवर बसल्या होत्या. आत पुकारलेली नावं तिथवर पोचत नव्हती. दुपारची एसटी दिसली तशा त्या उठून निघाल्या.

त्यांच्यातल्या एका पहिलटकरीण सुनेची सुजलेली पावलं आमच्या मोठ्या सिस्टरांनी खिडकीतून पाहिली. रक्तदाबाचं यंत्र उचलून त्या एसटीमागे धावल्या, त्यांच्यामागे मी. गाडी थांबवून सीटवरच तिचा दाब मोजला. चांगलाच वाढलेला होता. तिला उतरवून घेतलं आणि ॲम्ब्युलन्सनं मोठ्या दवाखान्यात नेलं.

"आत का नाही बसलीस गं?" सिस्टरांनी वाटेत विचारलं.

"त्या खुर्च्या सायबांसाठी मांडल्यात नव्हं? आमी आपलं पायरीवरच बरं."

ती सुखरूप बाळंत झाली. मला वाटलं, आता सिस्टर भिंतीवर 'आत बसा' अशी सूचना लावतील. पण त्या यंत्र घेऊन स्वतःच पायरीवर जाऊन बसल्या, खांबाला टेकून. लांबून आलेल्या बायकांना आधी तपासायचं, हेही तिथंच ठरलं. आणि रोज चहाच्या वेळी त्या आम्हाला विचारायला लागल्या, "आज न तपासता कोण गेलं?" मग एकीला कुणीतरी आठवायचं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या कामात काहीतरी बदलायचं. पुढे प्रशिक्षणात कळलं की पथक करतं ती गुणवत्तेची हमी आणि आम्ही करत होतो ती गुणवत्तेची सुधारणा. ठरलंय ते होतंय का, हे एकीत बघतात. ते होऊनही कोण मागे राहिलं, हे दुसरीत विचारतात. मला तो फरक चहाच्या कपासकट आठवतो.

सिस्टर निवृत्त होऊन लोणावळ्याला राहायला गेल्या. सुट्टीच्या दिवशी मी जायचे. दारात चप्पल काढेपर्यंत प्रश्न यायचाच, "काय गं, कोण राहिलं या आठवड्यात?" मी चिडायचे. म्हणायचे, आधी पाणी तरी द्या. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या.

त्या नोकरीत असतानाच पुढच्या एका पथकाला उघड्यावरची तपासणी खटकली होती. त्यांचंही बरोबर होतं, बाईमाणसाला आडोसा हवाच. यंत्र पडद्याआड गेलं, नावं पुकारायला स्पीकर आला, प्रमाणपत्र मिळालं. ते चौकटीत छान दिसतं. चहा येतो, आम्ही पितो, कुणी कुणाला काही विचारत नाही. मला तो प्रश्न ऐकायचाय, त्यांच्याच आवाजात. फार आठवण येते.

परवा तीच सून पुन्हा आली, दुसऱ्या खेपेची. आत खुर्च्यांवर आता बऱ्याच जणी बसतात. ही मात्र पायरीवर, आणखी तिघी-चौघींबरोबर दाटीवाटीनं. खांबाजवळची जागा तेवढी मोकळी.

"अगं, सरका की तिकडं," मी म्हटलं.

"ती मोठ्या शिस्टरची हाय," ती म्हणाली. बाकीच्यांनीही माना हलवल्या. त्यातल्या दोघींनी तर सिस्टरांना कधी पाहिलंही नसेल. "लय दिस झालं, दिसल्या न्हाईत. बऱ्या हायेत नव्हं?"

मी आत जाऊन यंत्र आणलं. त्या जागेवर बसायचा धीर झाला नाही, म्हणून एक पायरी खाली बसले. तिच्या दंडाला पट्टा बांधला आणि विचारलं, "मागच्या तपासणीला तुमच्यातली न तपासता कोण गेली?"